दुपारचा कोरडा स्लॅब

बोईसर, २० ऑक्टोबर २०२४

रिद्धी,

तू माझा नंबर अडवून ठेवला आहेस, हे मला उशिरा कळलं. आधी वाटलं, चेन्नईला होस्टेलमध्ये रेंज नसेल. मग एकदा तुझ्या आईच्या फोनवरून लावला, तर दुसऱ्याच रिंगला "हां आई" आलं. मी काही न बोलता ठेवून दिला. म्हणून हा कागद. पोस्टमनला ब्लॉक करण्याची सोय अजून निघालेली नाही.

गणपतीत तू रूपेशला घरी आणलंस तेव्हा मी जे बोललो ते पुन्हा लिहीत नाही. मागेही घेत नाही. हे पत्र बातमीचं आहे आणि बातमी तुझ्याच विषयातली, बांधकामाची आहे.

पालघरला विद्यापीठाने बांधकाम-तंत्रज्ञानाचा जो नवा अभ्यासक्रम काढला, त्याचं हे दुसरं वर्ष. आता त्यांना सल्लागार समिती हवी झाली. त्यात एक माणूस साइटवरचा हवा, म्हणून मला बोलावणं आलं. 'इंडस्ट्री मार्गदर्शक' म्हणे. घिवलीच्या बोटवाल्याचा मुलगा, सेंटरिंगच्या फळ्या वाहून वर आलेला, तो आता प्राध्यापकांना मार्ग दाखवणार. त्यांच्या बातमीपत्रात माझा फोटोही छापला. तुझी आई म्हणाली, "पोट आत घ्यायचं होतं."

पण मला एकच विचारायचं आहे. माझं नाव त्यांना सुचवलं कोणी? तुला ठाऊकच आहे, माझे कान तिखट. वडिलांबरोबर बोटीवर असताना धुक्यातली दुसरी बोट सगळ्यांच्या आधी मला ऐकू यायची. पहिल्या बैठकीला गेलो तर जिन्यात एक शिपाई दुसऱ्याला म्हणाला, "हेच का रूपेश सरांचे..." आणि दुसऱ्याने त्याला कोपर मारलं. मी फोनवर बोलत असल्याचं सोंग केलं. रूपेश सरांचे कोण? मी त्याचा अजून कोणीही नाही.

तिथे तो आहेच. काँक्रीट शिकवतो. समोर आला, नमस्कार केला, "काका, बरे आहात ना?" म्हणाला. इतका नीट वागला की मला संशय आला. ज्या माणसाला मी घरातून पाण्याचा ग्लासही न देता परत पाठवलं, तो इतका नीट का वागेल?

मी समितीला हो म्हणालो. का, ते तुला कळलं असेल. जवळून पाहिलं की माणूस कळतो. आणखी एक. त्याची नेमणूक कंत्राटी आहे. ती पुढे चालू ठेवायची की नाही हे जानेवारीत ठरतं, त्यावर समितीचं मत घेतात, आणि समितीत साइटची माहिती असलेला मी एकटाच आहे. तू म्हणाली होतीस, त्याची नोकरी टिकली की लग्न, बाबा हो म्हणोत की नाही. मी धमकी देत नाही. नुसतं कळवतो आहे.

तुझा बाबा


घिवली, २४ नोव्हेंबर २०२४

रिद्धी,

पत्र पोचलं असेल. उत्तर येईल अशी अपेक्षा ठेवली नव्हती, पण पोस्टमनला दोनदा विचारलं.

तुझ्या विषयातली मोठी बातमी: परवा अभ्यासक्रमाचा पहिला स्लॅब ओतला. घिवलीला समुद्राच्या बाजूने, जमुना आत्याच्या घरामागे जी पडीक जागा होती, तिथे विद्यापीठ एक नमुन्याचं घर बांधतं आहे. डहाणूकडचे हादरे सोसेल आणि खाऱ्या वाऱ्याला पुरून उरेल असं. बैठं घर, वर सपाट स्लॅब, जिना बाहेरून. कामगार माझे, हात विद्यार्थ्यांचे, डोकं रूपेशचं. अभ्यासक्रमाच्या प्रमुख जागृती मॅडम. बाई हुशार आहेत, पण वाळूत सँडल घालून येतात.

रूपेशने आतल्या एका भिंतीला कारवीच्या काठ्यांचा कूड लावला आहे, वरून माती लिंपून. म्हणाला, "हादऱ्याला कूड हलतो, पडत नाही. आमचं विक्रमगडचं घर असंच आहे." मी म्हटलं, "मग सिमेंट कशाला घेतलंस, सगळं घरच कुडाचं कर." हसला. हसण्याचा मला राग येतो, कारण ते खरं वाटतं.

स्लॅबच्या दिवशी आपल्याकडे कामगारांना मटण असतं, ते मी दिलं. विद्यार्थी बाजूला खुर्च्या मांडून बसले. रूपेश कामगारांच्या पंगतीत खाली बसला. मला वाटलं, मला दाखवायला बसला. म्हणून मी मुद्दाम गाडीकडे गेलो आणि चौकीदाराला नंतर विचारलं. हा चौकीदार गोरखपूरकडचा, सगळे त्याला चाचा म्हणतात. तो म्हणाला, "सेठ, मास्टरजी तो रोज इन्हीं के साथ खाते हैं।" आता चाचाला कोणी पढवलं असेल का, हे पाहायला हवं.

जमुना आत्या नारळ घेऊन आली होती. जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी राहून ओल्या स्लॅबकडे बघत राहिली.

"केवढं मोकलं अंगन झालंय रं दादा! ऊन हाय, वारा हाय, कुत्रं नाय, कोंबडी नाय."

चार लोकांत बहीण कौतुक करते म्हटल्यावर मलाही बरं वाटलं. मी म्हटलं, "तुझ्या भावाच्या देखरेखीखाली झालंय. आपलंच समज." आणि चाचाला हाक मारून सांगितलं, "ये मेरी बहन है। कभी भी आए, रोकना मत।" चाचाने सलाम ठोकला. आत्या अशी उतरली, जशी तिचीच नवी बोट पाण्यात पडली.

आता दोन आठवडे स्लॅबवर पाणी राहायला हवं. कडेने सिमेंटच्या गाऱ्याची बारीक आळी केली आहेत, त्यात पाणी भरून ठेवायचं. ते काम रूपेशच्या विद्यार्थ्यांचं, आणि संध्याकाळी ते गेले की चाचाचं. तुला हे शिकवायला नको, पण मला लिहायला आवडतं. नवा स्लॅब तान्ह्या मुलासारखा असतो, एक दिवस जरी तहानला तरी जन्मभर आठवण ठेवतो.

बाबा


बोईसर, १ डिसेंबर २०२४

रिद्धी,

तुझ्या रूपेशची गोष्ट आता ऐक.

स्लॅबवर केसासारख्या चिरा आल्या. एकदोन नव्हे, कोळ्याच्या जाळ्यासारख्या सगळीकडे. जागृती मॅडमनी ड्रोन आणला आहे. नवं खेळणं, अभ्यासक्रमाला हल्लीच मिळालं. त्याने रोज दुपारी उंचावरून काढलेले फोटो काल बैठकीत पडद्यावर दाखवले. एकाही फोटोत स्लॅबवर पाणी नाही. ठणठणीत कोरडा. वर काही गुलाबीसर डाग दिसत होते. मॅडम म्हणाल्या, सळीचा गंज उतरला असेल. मी मान हलवली.

मॅडमनी विचारलं, "सर, पाणी कोण मारतं?"

रूपेश उभा राहिला. "मॅडम, पाणी असतं. सकाळी मी स्वतः पाहतो, संध्याकाळीही पाहतो."

"मग दुपारी कुठे जातं? समुद्रात?"

सगळे हसले. तो खाली बसला. आणि बसण्याआधी त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. अर्धा क्षण, पण पाहिलं. अशी नजर मी ओळखतो. ज्याला काहीतरी लपवायचं असतं तो पहिल्यांदा दुसऱ्याला किती माहीत आहे ते बघतो.

मी तिथून थेट घिवलीला गेलो. चाचा डबा खात होता. म्हणाला, "पानी तो रोज शाम को भरते हैं सेठ, कसम से।" त्याच्या डब्याचा वास ओळखीचा वाटला, पण माझं मन दुसरीकडे होतं. मला वाटलं, हाही त्याला सामील.

आता मी काय समजू ते सांग. माझ्या मते मुलगा पालघरला बसून राहतो, पाणी संध्याकाळी एकदा दाखवण्यापुरतं भरतो आणि सभेत तोंड वर करून "असतं" म्हणतो. जो स्लॅबशी खोटं बोलतो तो बायकोशी काय खरं बोलणार? हे मी रागाने लिहीत नाही. तुझी आई म्हणाली, "तुम्हाला आनंद झालाय." तिलाही हल्ली माझ्यावर संशय येतो.

दुपारी अचानक जाऊन त्याला रंगेहाथ धरायचं मी ठरवलं आहे. काय सापडतं ते कळवीन.

बाबा


घिवली, ४ डिसेंबर २०२४

रिद्धी,

गेलो होतो.

गाडी मुद्दाम बंदराकडे लावली आणि चालत आलो. ऊन डोक्यावर होतं. चाचा खुर्चीत झोपला होता, शेजारी डबा उघडा. बारीक सुक्या कोळंबीची, जवळ्याची चटणी. हाच चाचा पहिल्या दिवशी मला म्हणाला होता, "हम तो लहसुन भी नहीं खाते।"

तेव्हाच कळायला हवं होतं. मी जिन्याला लागलो आणि तिसऱ्या पायरीवर थांबलो. वरून आवाज येत होता. खर्र, खर्र, खर्र. रिद्धी, हा आवाज मी ऐकत मोठा झालो. सुकत घातलेल्या जवळ्यावरून खराटा फिरवला की असाच आवाज येतो. माझी आई फिरवायची. त्यापाठोपाठ जमुना आत्याचा आवाज.

"लाडके, त्या कडंची आली फोड आधी, पानी जाव दे. आज मोठी पाटी हाय."

"मास्तर येल ना गं."

"येव दे. मास्तरला मी बोललंय, तुमचा मोठा सायब माझा भाव हाय. तो आमाला काय करतंय?"

"आनि भावाला कललं त?"

"अगं भावानंच दिलंय! चार मानसांत बोलला, आपलंच समज. तो इंजनेर लोकांचा गुरू हाय आता. वालूवर घालून खडं खायाचं दिवस गेलं आमचं."

आणि दोघी हसल्या. लाडकी कोण ते आठवतं ना? आपल्या शेजारची, तुला लहानपणी बोंबील भाजून द्यायची ती.

सगळं जागच्या जागी बसलं. सकाळी पाणी भरलेलं, म्हणून रूपेशला पाणी दिसतं. तो पालघरला शिकवायला गेला की या दोघी आळी फोडतात, स्लॅब पुसतात, जवळा पसरतात. दुपारी ड्रोनला कोरडा स्लॅब दिसतो. संध्याकाळी पाटी भरून आळी मातीने बुजवतात, चाचा पुन्हा पाणी भरतो आणि त्याला चटणी मिळते. पडद्यावरचे गुलाबी डाग जवळ्याचे होते. मासेमारी करणाऱ्याच्या पोराने ते पाहिले आणि गंज म्हणून मान हलवली.

आपल्याकडच्या बायका सपाट, उन्हातली, कुत्रं न चढणारी जागा मोकळी ठेवणारच नाहीत. हे मला नाही कळणार तर कोणाला?

मी वर गेलो नाही. बूट हातात घेतले, मागे फिरलो आणि गाडीत येऊन बसलो.

मी काही केलेलं नाही, रिद्धी. हे लक्षात ठेव. मी फक्त कोणाला सांगितलेलं नाही. सांगितलं तर माझी बहीण चोर ठरते, आणि चार लोकांत तिला परवानगी देणारा मी गाढव ठरतो. नाही सांगितलं तर जानेवारीत ज्याचं जे व्हायचं ते आपोआप होईल. त्यात माझा हात कुठे? पाणी रूपेशच्या जबाबदारीचं होतं. आत्याने त्याला सांगितलंच होतं, मग त्याने सभेत बोलायला नको?

हे पत्र टाकीन की नाही, ठाऊक नाही.


बोईसर, १२ डिसेंबर २०२४

रिद्धी,

मागचं पत्र याच पाकिटात आहे. तेव्हा टाकलं नव्हतं.

काल संध्याकाळी रूपेश माझ्या ऑफिसात आला. नवापूर रोडवर शिफ्टच्या बसेस सुटायची वेळ, बाहेर हॉर्नचा कल्लोळ. मी खिडकी लावून घेतली. त्याला बस म्हटलं नाही, तरी तो बसला.

म्हणाला, "काका, एक विचारतो. त्यांना तुम्हीच पाठवलंत ना?"

"कोणाला?"

"तुमच्या बहिणीला. स्लॅबवर."

मला वाटलं होतं, संशय घेणारा मीच. तिकडून माझ्यावरही कोणी संशय घेत असेल, हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

त्याने सांगितलं ते असं. पहिल्याच आठवड्यात एका दुपारी तो अवचित आला, तर वर दोघी. त्याने हात जोडून सांगितलं, मावशी, स्लॅब ओला राहायला हवा. आत्या म्हणाली, माझ्या भावाने दिलंय. त्याने चाचाला विचारलं. चाचा म्हणाला, "सेठ ने खुद बोला है, रोकना मत।"

"मग तू काय केलंस?"

"एका दुपारी गोणपाट भिजवून अंथरलं. म्हटलं, निदान खालचा ओलावा टिकेल. तर त्यांनी त्यावरच जवळा घातला. म्हणाल्या, मास्तर, हे बरं केलंत, चिकटत नाय आता."

मला हसू आलं. त्यालाही आलं. मग दोघंही ओशाळलो.

"मला येऊन का नाही विचारलंस?"

त्याने सरळ माझ्याकडे पाहिलं. "काय विचारणार होतो? तुम्हाला मी जायला हवा आहे, हे सगळ्यांना माहीत आहे. मला वाटलं, हा तुमचा मार्ग आहे. मी सभेत आत्यांचं नाव घेतलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, पोरगी मिळाली नाही म्हणून माझ्या बहिणीवर आळ घातला. आणि नाही घेतलं तर नोकरी जाते. मी बरेच दिवस या दोन्हींच्या मधे उभा आहे."

म्हणजे बैठकीत त्याने माझ्याकडे पाहिलं, ते मला किती माहीत आहे हे बघायला नव्हतं. मी कोणत्या थराला जाईन, ते बघायला होतं.

मी विचारलं, "रिद्धीला सांगितलंस?"

"सांगितलं."

"मग? काय म्हणाली?"

त्याने खिडकीकडे पाहिलं. बाहेर एक बस सुटली. मग म्हणाला, "म्हणाली, बाबा माणसाचं वाईट करतील, पण स्लॅबचं नाही करणार. त्यांनी पाठवलं नसेल."

रिद्धी, हे तू खरंच म्हणालीस? का त्याने जागच्या जागी रचलं? मी रात्रभर नाही, पण पुष्कळ वेळ यावर विचार केला. रचलेलं वाक्य इतकं बोचरं नसतं. रचणाऱ्याने मला जरा तरी गोड लिहिलं असतं.

मी त्याला म्हटलं, "मी पाठवलं नाही. पण चार तारखेपासून मला माहीत आहे." तो उठला, दारापाशी थांबून म्हणाला, "काका, चिरांपेक्षा मिठाची काळजी आहे. जवळ्याचं खारं पाणी आत गेलं तर पुढे सळी गंजेल. तेवढं तपासायला हवं." आणि गेला. स्वतःच्या नोकरीचं एक अक्षर नाही.

बाबा


पालघर, २० डिसेंबर २०२४

रिद्धी,

आज बैठक होती. तिथे कँटीनमध्ये बसून लिहायला घेतलं, उरलेलं घरी येऊन लिहितो आहे.

जमुना आत्याला घेऊन गेलो. तिला वाटलं, सत्काराला चाललो आहोत. नवं लुगडं, अंबाड्यात अबोली, आणि मॅडमसाठी पाटीत जवळा. गाडीत मी खरं काय ते सांगितलं, तर पालघर येईपर्यंत मला शिव्या. आजोबांपासून सुरुवात करून माझ्यापर्यंत आली. मग म्हणाली, "चल. आता निघालंय त उतरत नाय."

चिरांमुळे रूपेशच्या नेमणुकीचा विषय जानेवारीऐवजी आजच निघाला. मॅडमनी माझं मत विचारलं. मी उभा राहिलो. माझ्यासारख्या माणसाला सभेत बोलणं अवघड नसतं. तुझ्या वयाच्या शंभर मुलांना मी साइटवर हाका मारल्या असतील. पण आज आधी ग्लासभर पाणी प्यायलो. मी म्हटलं, "पाणी दुपारी समुद्रात जात नव्हतं. माझ्या बहिणीने सोडलं होतं. तिला मी परवानगी दिली होती, चार लोकांत, मोठेपणा मिरवायला. चौकीदारालाही मीच सांगितलं."

 मग आत्या उठली. तिला कोणी बोलायला सांगितलं नव्हतं.

"बाई, तुमी घर बांधलाव, वर सपाट अंगन ठेवलाव, आनि जिना भायेरून दिलाव. मंग आमी काय समजायचं? पानी घालून ठेवलाव, आमाला वाटलं, थंड करायला. तुमी एक पाटी लावली असती, नाय चढायचं, त आमी चढलो नसतो." मग जरा विचार करून, "चढलो असतो. पन विचारून."

जागृती मॅडमना हसू आवरेना. तोंडावर फाइल धरली. पण बाई हुशार आहेत, मी आधीच लिहिलं होतं. हसू ओसरल्यावर त्यांनी मला विचारलं, "महादूशेठ, हे तुम्हाला कधी कळलं?"

मी म्हटलं, "चार तारखेला."

"आज वीस."

"होय."

"या दिवसांत सरांना नोटीस गेली. तुम्ही समितीवर आहात. नोटिशीची प्रत तुम्हाला आली होती."

"आली होती."

 खिडकीबाहेर कोणीतरी मोटारसायकलला किक मारत होतं, ती सुरू होत नव्हती. रूपेश टेबलाकडे बघत होता. त्याने "काकांना माफ करा" वगैरे काही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर मला पुन्हा संशय आला असता.

निकाल असा. रूपेशने दुपारचा प्रकार वेळेवर कळवला नाही म्हणून त्याला लेखी समज. नेमणूक पुढे चालू. माझी जागा समितीवर राहणार नाही. हे मॅडमनी फार सभ्य शब्दांत सांगितलं, त्यामुळे जास्त लागलं. आत्याची पाटी मात्र त्यांनी ठेवून घेतली.

परतीच्या वाटेत आत्या एकच बोलली. "भर सभेत भयनीला उभी केलंस." घिवलीला उतरली, आणि माझ्याकडे न बघता गेली. आता माझ्याशी न बोलणाऱ्या बायका दोन झाल्या. तुझी आई म्हणते, तिचाही विचार चालू आहे.

बाबा


बोईसर, ५ जानेवारी २०२५

रिद्धी,

अभ्यासक्रमाच्या बातम्या आता मला बातमीपत्रातूनच कळतात. नव्या अंकात माझा फोटो नाही. पोट आत घ्यायची गरज उरली नाही.

एक बातमी मात्र रूपेशने फोन करून सांगितली. स्लॅबचा वरचा थर खरवडून तपासला. मीठ वरच राहिलं, सळीपर्यंत गेलेलं नाही. वरचा भाग घासून नवा लेप देतील. घर उभं राहील. फोन ठेवताना म्हणाला, विद्यार्थ्यांना आता पहिला तास काँक्रीटचा नाही, शेजाऱ्यांचा असतो. बांधण्याआधी आजूबाजूच्या घरांत जाऊन विचारायचं, तुम्ही काय काय सुकवता, कुठे, कधी. पहिल्या दिवशी त्याने मुलांना जमुना आत्याकडे पाठवलं. तिने त्यांना बराच वेळ बसवून ठेवलं, म्हणाला, आणि जवळा निवडायला लावला.

आत्या बोलायला लागली, अजून माझ्याशी नाही. काल स्वतः आली, मला ओलांडून सरळ तुझ्या आईकडे गेली, आणि स्वयंपाकघरात दोघींचं हळू आवाजात चाललं. मी बाहेर पेपर वाचत होतो. हळू आवाज माझ्यापुरता नसतो, हे त्यांना इतक्या वर्षांत कळलं नाही.

आत्या म्हणत होती, "मी पोरीला रोज फोन करतंय ना. सगलं सांगतंय. ती बोलते, आत्या, बाबांचं पत्र आलं. मी बोलतंय, मंग फाड. ती बोलते, नाय गं, ठेवलंय."

म्हणजे माझं प्रत्येक पत्र पोचायच्या आधी तुला आत्याकडून सगळं कळत होतं. चार तारखेला मी जिन्यावरून परत फिरलो, ते तरी तिला माहीत नव्हतं. तेवढं फक्त माझ्याकडून गेलं. आणि तेही तू ठेवलंस.

आत्याने तुझ्यासाठी जवळा दिला आहे, या पार्सलात आहे. त्याच स्लॅबवरचा, शेवटच्या पाटीतला. नीट धुऊन घे. तरी एखादा सिमेंटचा कण दाताखाली येईल, तेवढा सोस.

आणि एक काम आहे. रूपेशचे आई-वडील वीटभट्टीच्या कामाला इकडेच वाड्याच्या बाजूला आले आहेत. येत्या रविवारी मी त्यांना आपल्याकडे जेवायला बोलावलं आहे. मी स्वतः भट्टीवर गेलो होतो. त्याची आई आधी घाबरली, तिला वाटलं मुलाचं काही झालं. मग मला चहा दिला. मी घेतला.

आता तुझी आई सकाळपासून विचारते आहे, त्यांना मासे चालतात का, की कोंबडी करू, की डाळ-भातच बरा. रूपेशला विचारलं तर म्हणतो, "काहीही चालेल." आपल्याकडे काहीही चालेल म्हणणारा पाहुणा सर्वांत अवघड. त्यांच्या घरी तू गेलेली आहेस, जेवलेली आहेस. तुला ठाऊक असणार.

तेवढं फोन करून सांग. आईच्या नंबरवर नको, ती स्वयंपाकात असेल. माझ्या नंबरवर कर. तो तोच आहे.

बाबा